सुजाताचं पान आणि माझं तोंड

रंगाच्या डब्याचा काठ कधी नीट बघा. ब्रश जादा भिजला की पेंटर तो काठाला निरपतो. आज लाल, उद्या पिवळा, परवा निळा. मुद्दाम कुणी काही करत नाही, पण वर्षभरात काठावर बोटभर जाड थर बसतो. ऑफिसातले किस्से तसेच बसतात. आपण आपल्या कामात असतो, ते काठाला साचत असतात. मी आता चाकू घेऊन ते खरवडायला बसलोय. काही थर निघाले की हसू येतं. काही निघाले की वाटतं, कशाला खरवडलं!

मी सातवी नापास. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या, असं मी म्हणणार नाही. चुकलं तर चुकलं.

धंदा माझा ट्रक रंगवायचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या यार्डात, अडतीस वर्षं. फळीवर मालकाचं नाव, मागे मोर, दारावर गरुड. इंग्रजी अक्षरं मला काढता येतात, वाचता येत नाहीत. मग बाजारात स्टिकर आले. मग हात थरथरायला लागला. दोन्ही एकाच वर्षी झालं, त्यामुळे शिव्या कुणाला घालायच्या तेच कळलं नाही.

बहिणीचा मुलगा नितीन. त्याने जुईनगरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर ऑफिस काढलं. लोकांना वेब पेजं बनवून देतात. मी त्याला पान म्हणतो. नितीन म्हणाला, "मामा, घरात बसून मामीशी भांडता, त्यापेक्षा ऑफिसात बसा. सकाळी उघडा, चहा करा, कुरिअर घ्या."

मी म्हटलं, "आणि भांडायचं कुणाशी?"

"स्टाफ आहे ना!"

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दातांच्या एका डॉक्टरचं पान तयार झालं. "लाइव्ह गेलं!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभा. पान बघितलं. निळा रंग एकसारखा बसला होता, कुठं ओघळ नाही, काही नाही.

मी विचारलं, "वाळायला किती दिवस ठेवणार?"

नितीन खुर्चीतून पडायचाच राहिला. कोडिंग करणारी दोन पोरं टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. एकटी हसली नाही ती सुजाता.

ही सुजाता डिझाइन करायची. राहायला कोपरखैरण्याला, वडील तुर्भ्याच्या कारखान्यात, गाव जालन्याकडचं. बारीक चणीची, मोठ्या चष्म्याची. नितीनला सर म्हणायची, मला सगळ्यांसारखी मामा. ती खुर्ची वळवून म्हणाली, "मामा, हे वाळतच नाही. कुणीही, कधीही बदलू शकतं."

"म्हणजे कायम ओलं?"

"कायम ओलं."

"मग अवघड आहे पोरी तुमचं! आमचं निदान दुसऱ्या दिवशी कुणी हात लावला तरी बिघडायचं नाही."

आता ती हसली. नितीनला म्हणाली, "सर, माझ्या कामात काय त्रास आहे ते आजवर कुणी इतकं बरोबर सांगितलं नव्हतं."

झालं! माझी छाती फुगली. आपल्याला या पोरीचं काम कळतं, असं मी धरून चाललो आणि त्या दिवसापासून तिला शहाणपण शिकवायला लागलो. न विचारता.

* * *

नितीनचं काम झटपट. त्याच्याकडे तयार पानं असतात, त्याला टेम्प्लेट म्हणतात. नाव बदल, रंग बदल, फोटो बदल, देऊन टाक. क्लायंट खूश, नितीन खूश.

एकदा एकाच आठवड्यात तीन पानं गेली. दातांचा डॉक्टर, घरसामान हलवणारा आणि लग्नाचा केटरर. तिन्हींवर वरती एकच बाई. गोरीपान, कानाला माइक लावलेली, बत्तीस दात दाखवत हसतेय.

मी नितीनला म्हटलं, "ही बाई फार कामाची हां! सकाळी दात काढते, दुपारी कपाट उचलते, संध्याकाळी पंगत वाढते. तिला एक दिवस सुट्टी दे रे."

सगळे हसले. सुजाता सगळ्यांत जास्त हसली. पण हसून झाल्यावर तिने नितीनला जे सांगितलं ते कुणाला आवडलं नाही. "सर, मला ही बाई लावता येत नाही. मी टेम्प्लेट उघडते आणि माझं डोकं बंद पडतं. प्रत्येकाचं पान वेगळं करायची माझी काहीतरी पद्धत असणार. ती मला अजून सापडत नाहीये."

नितीन काही वाईट माणूस नाही. त्याने विचार केला आणि म्हणाला, "तीन महिने घे. शोध तुझी पद्धत. पण पान वेळेत पाहिजे. नाही जमलं तर डिझाइन सोड आणि क्लायंटचे फोन घे."

ती हो म्हणाली. फोन घ्यायचं नाव काढल्यावर तिचा चेहरा कसा झाला, ते मला ट्रे धरूनही दिसलं होतं.

* * *

मग सुरू झाल्या एकेक तऱ्हा. कुठल्यातरी परदेशी डिझायनरचा व्हिडिओ बघितला. तो म्हणे सकाळी गार पाण्याने आंघोळ करतो आणि मगच कागदाला हात लावतो. ही आठवडाभर गार पाण्याने आंघोळ करून आली. पान सुचलं नाही, सर्दी झाली.

मग कानात गाणी लावून बघितली. मग वाशीला महागड्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसली. मी म्हटलं, "कॉफीने सुचत असतं तर दुकानवाल्याचंच पान आधी झालं नसतं का?" ती म्हणाली, "त्याचं पण टेम्प्लेटच आहे मामा. मी बघितलं."

नंतर चिठ्ठ्या आल्या. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या, मागे चिकट लावलेल्या. गिऱ्हाईक पानावर आलं की आधी काय बघेल, मग काय विचारेल, कुठं अडेल, असं एकेका चिठ्ठीवर लिहायचं आणि भिंतीवर क्रमाने लावायचं. आठवडाभर ती भिंतीसमोर उभी होती. एक चिठ्ठी काढायची, दुसरीकडे लावायची, लांब जाऊन बघायची. मला ते बघायला आवडायचं. ट्रकची फळी तयार करून आम्हीही असेच चार पावलं मागे जायचो.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं. खिडकी उघडी राहिली होती, सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर! मी एकेक गोळा केली. लिहिलेलं सगळं इंग्रजीत. पण आपण काय साधे पेंटर आहोत का? मी सगळ्या परत भिंतीवर लावल्या. सरळ रेषेत, ओळंबा धरावा तशा. आधी सगळ्या पिवळ्या, मग गुलाबी, मग हिरव्या.

सुजाता आली, पर्ससकट भिंतीसमोर उभी राहिली.

"मामा, तुम्ही माझा अख्खा आठवडा रंगाप्रमाणे लावलात."

"छान दिसतोय ना?" मी म्हटलं.

ती म्हणाली, "दिसतोय."

* * *

तिसऱ्या महिन्यात कळंबोलीचा एक पत्र्याचा व्यापारी आला. शेठ माझ्या जुन्या ओळखीचा, त्याच्या तीन गाड्या मी रंगवलेल्या. सुजाता म्हणाली, "मामा, मला तिथे घेऊन चला. मला काही विचारायचं नाही. नुसतं बसायचंय."

"नुसतं बसून काय करणार?"

"माहीत नाही."

गेलो. गोडाऊनच्या दारात वजनकाट्याजवळ एक बाकडं आहे, त्यावर ती दहा वाजता बसली ती पाच वाजता उठली. डबाही तिथेच खाल्ला. पत्र्यांचा आवाज असा की बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हमाल शिव्या घालतायत, ही आपली वहीत लिहितेय. एका ड्रायव्हरने मला विचारलं, "इन्कमटॅक्सवाली आहे काय?"

परत येताना बसमध्ये तिचे डोळे चमकत होते. "मामा, शेठ म्हणतात, आमचा जुना विश्वास, जुनं नाव. आज बावीस जण आले आणि सतरा फोन आले. विश्वासाचं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. कुठल्या जाडीचा पत्रा आहे, गाडी कधी भरून मिळेल आणि गल्लीत ट्रक वळतो का."

दोन दिवसांत तिने पान केलं. कुणाकडे बघून नाही, स्वतःच्या डोक्याने. सगळ्यात वर मोठ्या मराठी आणि हिंदी अक्षरांत: 'चौदा टायरची गाडी पुढच्या गल्लीत वळत नाही. मागच्या गेटने या.' खाली गल्लीचा नकाशा. त्याखाली आज काय जाडी हजर आहे ते, आणि गाडी भरायच्या वेळा. बस.

शेठ ऑफिसात आला, पान बघितलं. "माझा फोटो कुठाय?"

"आहे ना सर. खाली आहे."

शेठ विचारात पडला. आता तो हो म्हणतो का नाही, अशी वेळ. सुजाता दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसलेली. आणि मी, चहा ठेवता ठेवता, माझं हे तोंड उघडलं. "काय पोरी! तुला शोरूम काढायला सांगितली, तू तर वॉचमनची पाटी काढलीस!"

शेठचं पोट हलायला लागलं इतका हसला. "पेंटर बोलला ते खरं!" म्हणाला. विषय संपला. टेम्प्लेट उघडलं. वर काचेची वीस मजली बिल्डिंग, खाली दोन साहेब हात मिळवतायत. शेठचा फोटो दोघांच्या मधोमध.

पंधरा दिवसांनी शेठचा फोन आला. नवीन गिऱ्हाइकाची चौदा टायरची गाडी पुढच्या गल्लीत अडकली होती. ना पुढे जाते, ना मागे. सकाळपासून अर्धा बाजार बंद.

शेठ विचारत होता, "त्या पोरीचं ते वॉचमनवालं पान आहे का हो अजून?"

नितीन म्हणाला, "डिलीट केलं ना!"

सुजाताने ऐकलं. कानात हेडफोन घातले. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती, हे मला दिसत होतं.

* * *

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारच्या डब्याला, तिने मला विचारलं. आता नीट ऐका, कारण इथे मी मोठी चूक केली आणि तीही प्रेमाने.

"मामा, तुम्ही कसं करायचात? नवा कोरा ट्रक समोर उभा राहिला की आधी काय?"

मी म्हटलं, उद्या दाखवतो. घरी ट्रंक उघडली आणि मला रंगकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेला मोराचा खाका काढला. खाका म्हणजे जाड कागद. त्यावर चित्र काढून रेघेरेघेवर सुईने बारीक भोकं पाडलेली असतात. कागद फळीला लावायचा, निळीची पुरचुंडी त्यावर थापटायची, कागद काढला की खाली ठिपक्या-ठिपक्यांचा मोर तयार. मग नुसते रंग भरा.

दुसऱ्या दिवशी मी तो ऑफिसच्या भिंतीवर थापटला. कागद काढला आणि भिंतीवर मोर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "बघ पोरी. डोक्याला ताप नाही. एकदा भोकं पाडली की जन्माची सोय. तूही असा खाका करून ठेव. रोज रोज नवीन विचार कशाला करत बसतेस?"

तिने कागदावरून बोट फिरवलं. "हा मोर तुमचा?"

"उस्तादांचा."

"मग तुमचा कुठला?"

मी म्हटलं, "चहा गार होतोय."

जे तिला सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नाही. इथे सांगतो. सांगोल्याकडचा एक ड्रायव्हर होता, स्वतःची गाडी घेतलेला. मला म्हणाला, "पेंटर, मागं मोर नको. माझी म्हस काढ. तिच्या जिवावर गाडी झाली. डाव्या कानाला चीर हाय तिच्या, तेवढी इसरू नको." म्हशीचा खाका माझ्याकडे नव्हता. मी म्हटलं, ट्रकवर म्हैस कोण काढतं, लोक हसतील. आणि अर्ध्या दिवसात मोर उडवून दिला. त्याने मोराकडे बघितलं, गाडी घेऊन गेला. पुढे दोन वर्षं ती गाडी यार्डात यायची. ड्रायव्हर स्वतः बादली घेऊन धुवायचा. काच पुसायचा, दिवे पुसायचा, नंबरप्लेट घासायचा. मोरावरचा चिखल मात्र तसाच. तेवढी जागा सोडून फडकं फिरायचं.

मी सुजाताला खाका दाखवला, म्हैस सांगितली नाही. स्वतःची अब्रू वाचवली, दुसरं काय!

* * *

पोरगी हुशार. तिने पाच खाके करून ठेवले, नितीनच्या टेम्प्लेटपेक्षा देखणे. महिन्याभरात अकरा पानं गेली. फोन घ्यायची गोष्ट निघालीच नाही. नितीनने पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मामांनी शिकवलं हिला!" मीही दोन पेढे खाल्ले.

त्याच महिन्यात दोन पानं एकाच दिवशी गेली. एक लग्नाच्या हॉलचं, दुसरं ढेकूण-झुरळं मारायचं औषध फवारणाऱ्याचं. खाका एकच. हॉलच्या पानावरची एक ओळ बदलायची राहून गेली. ढेकूणवाल्याच्या पानावर मोठ्या अक्षरांत: 'तुमच्या पाहुण्यांची आम्ही मनापासून काळजी घेतो!' खाली ढेकणाचा मोठा फोटो.

चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्याचाच फोन आला. नितीनने घाबरत घेतला. "सॉरी सर, लगेच बदलतो, चूक झाली…"

तो पलीकडून ओरडला, "हात लावू नका! तिप्पट फोन यायला लागलेत! लोक आधी हसतात, मग बोलावतात!"

ऑफिसात असा हशा झाला की वरच्या मजल्यावरचे काका विचारायला खाली आले. मी तर डोळे पुसत होतो. सुजाताकडे बघितलं. ती पुढच्या पानावर रंग बदलत होती. पूर्वी अशा गोष्टीवर सगळ्यांत जास्त हसणारी हीच.

चिठ्ठ्यांची गड्डी तिच्या खणात कोरी पडलेली होती. वही कुठे गेली ते मी विचारलं नाही. मोठा पेढे खाणारा मी!

* * *

पावसाळ्याच्या आधी एक झाडांच्या नर्सरीवाला आला. त्याचं पान करायचं होतं. सुजाता नितीनच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जान होती.

"सर, मला दोन दिवस त्या नर्सरीत बसू द्या. लोक झाड घ्यायला येतात तेव्हा काय बोलतात ते मला ऐकायचंय. माझ्या पद्धतीत कुठेतरी ते बसणं आहे. कळंबोलीला मला ते सापडलं होतं."

नितीन म्हणाला, "अगं, आता चांगलं चाललंय ना? खाका लाव, संध्याकाळपर्यंत होईल."

"होईल सर. पण ते त्यांचं नसेल."

नितीन वैतागला. त्याला वाटलं, आपल्या बाजूने कुणी मोठं माणूस बोललं तर बरं. माझ्याकडे वळला. "मामा, तुम्हीच सांगा. अडतीस वर्षं ट्रक रंगवलेत. एकदा तरी ट्रक रंगवायच्या आधी ड्रायव्हरशेजारी बसून सांगोल्याला गेलात का?"

त्याने सहज एक गाव घेतलं. त्याला कुठे काय माहीत होतं!

सुजाता माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, हा म्हातारा आज काहीतरी बोलेल. एरवी न विचारता बोलतो, आज तर विचारलंय.

मी खरं तेच बोललो. "नाही," म्हटलं.

एवढंच. पुढे जे वाक्य होतं ते घशातच राहिलं. गेलो नाही, म्हणूनच माझं स्वतःचं म्हणावं असं एक चित्र नाही. हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवर चहा ठेवताना नीट जमलं. तोवर तिने नर्सरीचं पान करून दिलं होतं. संध्याकाळपर्यंत. आणि महिन्याच्या शेवटी जाते म्हणून कागदही दिला होता.

शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना समोसे आणले. मला म्हणाली, "मामा, हाताच्या गोळ्या वेळेवर घ्या." मी म्हटलं, "तुझ्या बापाएवढा असतो तर ऐकलं असतं, मी त्याच्याहून मोठा आहे." काय बोलायचं असतं आणि काय बोलतो माणूस! ती हसली. रिक्षात बसली.

तिच्या जागेवर आता कुणी नाही. नितीन म्हणतो, गरजच नाही. खाके आहेत ना!

* * *

आता शेवटचा थर. हा गेल्या महिन्यातला आहे.

दुपारची वेळ, नितीन मीटिंगला गेलेला. दारात एक बाई उभी. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर टोपली, आणि वास असा की कोडिंगवाल्या दोन पोरांनी एकदम पंखा वाढवला. खाडीकडच्या गावातली सुक्या मासळीवाली. आठवडी बाजारात बसते.

"पेंटर कोन हाय हितं?"

"मी. काय काम आहे?"

"काम काय नाय. मना पारूबाय म्हंतात. तुला दाखवाला धाडलंय." तिने टोपली दारातच ठेवली, कमरेची पिशवी उघडली, फोन काढला आणि अंगठ्याने चार वेळा दाबून माझ्या नाकासमोर धरला.

पान होतं. मराठीत होतं, म्हणून मला वाचता आलं. वर बोंबील नाही, सुकट नाही, समुद्र नाही, होडी नाही. माइकवाली बाई तर नाहीच. पांढऱ्या पानावर मधोमध एकच ओळ, मोठ्या काळ्या अक्षरांत:

'शेजारी कोन राहतात?'

त्याखाली दोन चौकोन. एकावर 'खानारे', दुसऱ्यावर 'न खानारे'.

"दाब ना!" पारूबाय म्हणाली. "मेलं चावत नाय ते."

मी 'न खानारे' दाबलं. तर सगळं आलं. फ्लॅटमध्ये सुकी मासळी कशी ठेवायची, कागदात किती घड्या, वरून डबा कुठला, कुठल्या दिवशी खिडकी उघडून भाजायची, आणि जिन्यातून वर आणताना पिशवी कुठली वापरायची. खाली लिहिलेलं, 'आगोटीचा माल दुहेरी बांधून मिलेल. सोसायटीत कोनाला कलनार नाय.' पावसाळ्याचे चार महिने पुरेल अशी मासळी लोक आधीच भरून ठेवतात, ती आगोट. मग माल, मग पारूबायचा फोन नंबर.

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

"हे सुजाताने केलं?"

"मंग? कोन करनार?"

"कसं केलं?"

"कसं म्हंजे? आली न् बसली माझे बाजूला. पहिले बाजाराला नुसती बसली. मी म्हनलं, गं बाय, बसलीस तं निदान कागद तरी फाड. दुसरे बाजाराला कागद फाडलं. तिसरे बाजाराला गिऱ्हाइकाशी बोलाला लागली. मी सगल्यांना पहिलं हेच इचारते ना, शेजारी कोन हाय म्हनून. नाय तं भांडनं होतात, माल परत आनतात. चौथे बाजाराला मनली, पारूबाय, आज तू घरा जा, मी इकते."

"आणि विकलं?"

"टोपली रिकामी! माझे हातनं पन एवढा जवला जात नाय!" पारूबायने हात ओवाळल्यासारखा केला. "आता ती सगल्यांकडं असंच करते. कुंभाराकडं बसते, त्या चष्मेवाल्याकडं बसते. तीन दिस बसते, चौथे दिवशी त्याला घरा धाडते, दुकान सोता चालवते. मंग पान करते. लोकं रांगेन हायत तिचेकडं. ऑफिस नाय, काय नाय. कोपरखैरन्याला घरातच हाय."

मी तिच्याकडून फोन हातात घेतला. अक्षरं बघितली. काळा रंग पांढऱ्यावर असा बसला होता की नजर हलत नव्हती. पण अडतीस वर्षांची खोड आहे, डोळे आपोआप चूक शोधतात. मला वाटलं, ते दोन चौकोन थोडे खाली घेतले असते तर…

मी मान वर केली. तोंड उघडलं.

पारूबायने फोन खसकन काढून पिशवीत टाकला, टोपली डोक्यावर चढवली आणि दारातल्या दोन पायऱ्या उतरून वळून म्हणाली,

"बस! ती मनली हाय, त्याला आवर्जून दाखव, सगलं वाचू दे. पन तो म्हातारा बोलाला लागला, का तू निंग!"